चपाती सणाची
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



मला 'पंचवीस वर्षांतील एक आठवण' यावर पाच मिनिटे बोलायला सांगितले आहे. पाण्याची टाकी, लिफ्ट आणि चाळीची इमारत कशी झाली, यावर बाकीचे बोलतीलच. मी गेल्या वर्षीच्या १ मेबद्दल बोलतो. त्या दिवशी चौथ्या मजल्यावर आमच्याकडे केनियाचे जेवण झाले. वास सातव्या मजल्यापर्यंत गेला होता, हे मला दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कळले.

आमची मुलगी नऊ वर्षे नैरोबीत होती. जावईबापू नोकरीमुळे अजून तिथेच आहेत. मुलगी नातीला घेऊन आधी आली. तिकडे शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते, आपल्याकडे जूनमध्ये. त्यामुळे मधले सहा महिने पोर घरीच बसली, मग लालबागच्या शाळेत सातवीत गेली. मराठी विषय सक्तीचा. बोलायला फर्डी, पण जोडाक्षर आले की पेन्सिल थांबायची. पहिल्या चाचणीत वीसपैकी चार. त्या रात्री ती फोनवर "बाबा, मला परत घेऊन जा" म्हणत होती. मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलो होतो, वाचत नव्हतो.

मग वर्षभर आमच्या सौ.ने रोज दहा ओळी शुद्धलेखन घालून घेतले. ३० एप्रिलला निकाल लागला, मराठीत शंभरपैकी ६१. काय हवे ते माग म्हटले. आम्हाला वाटले, पिझ्झा. ती म्हणाली, "आजी, चपाती."

"मग रोज करते ती काय?" सौ.ला जरा लागलेच.

खुलासा मुलीने केला. केनियात चपाती रोजची नाही, सणाची. नाताळ, पाहुणे, शाळा संपली, की चपात्या. मैद्याची कणीक, लाटून तेल लावायचे, गुंडाळी करून पुन्हा लाटायची आणि तव्यावर तेल सोडून भाजायची. पदर सुटतात. ती तिकडे नेली आपल्याच लोकांनी. मोम्बासा ते व्हिक्टोरिया सरोवर हा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला, त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले, बरेचसे पंजाबचे. मागोमाग गुजराती दुकानदार गेले. दुकानाला तिथे 'दुका', विम्याला 'बिमा', चेकला 'हुंडी' म्हणतात. जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाला हे ऐकून बरे वाटते. आपल्या बँक ऑफ बडोदाची मोम्बासा शाखा १९५३ सालची आहे.

तिथले रोजचे जेवण म्हणजे उगाली. पांढऱ्या मक्याचे पीठ उकळत्या पाण्यात घालून लाकडी डावाने घोटायचे. आपली उकडच, पण सुरीने कापता येईल इतकी घट्ट. हाताने गोळा मोडून अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात भाजी उचलायची. भाजीचे नाव 'सुकुमा विकी', म्हणजे 'आठवडा ढकल'. पगार लांब असला की स्वस्त पाल्यावर दिवस काढायचे. गिरणीच्या घरांत वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. तो पाला इथे मिळेना, म्हणून मी दादरच्या मंडईतून नवलकोलाचा पाला आणला, भाजीवाली तो फेकणारच होती. कांदा-टोमॅटोवर परतला. सोबत नारळाच्या दुधातला राजमा आणि कचुंबरी, म्हणजे आपली कोशिंबीरच, दह्याशिवाय. मक्याचे पीठ जावईबापूंनी एका येणाऱ्याबरोबर पाठवले होते.

शेजारच्या दोन बिऱ्हाडांना बोलावले होते. उगाली मोठ्यांना फारशी रुचली नाही, खरे तेच सांगतो. राजमा मात्र आमच्या मालवणी शेजाऱ्यांनी दोनदा मागून घेतला. चपात्या मुलांनी संपवल्या, चाळीस केल्या होत्या.

१ मेला आपल्याकडे महाराष्ट्र दिन, तिकडे कामगार दिनाची सुट्टी. आपले आठ वाजले की तिथे साडेपाच. जावईबापू फोनवर समोर बसले होते आणि त्यांच्या ताटात पिठलं-भात होता. नातीने त्यांना निकालपत्र दाखवले, मराठीचा रकाना बोटाने. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग "पिठलं जरा पातळ झालंय" एवढेच म्हणाले.

यंदाही निकालाच्या दुसऱ्या दिवशी बेत आहे, गच्चीवर. येणाऱ्यांनी सौ.कडे नावे द्यावीत, मैद्याचा अंदाज लागतो. पाला आणायचे काम माझ्याकडे आहे.