देवाची शपथ आणि मनुष्याचा शब्द

एखाद्या सुशिक्षित घरांतील मुलगा कॉलेजांत जाऊं लागतो आणि एके दिवशीं देवपूजेला बसावयाचें नाकारतो. वडील रागावतात; परंतु आईची काळजी रागाहून निराळी असते. पूजा चुकली याचें तिला जेवढें दुःख होत नाहीं, तेवढें पुढच्या गोष्टीचें भय वाटतें. ज्याला देवाची भीति उरली नाहीं, तो उद्यां खोटें बोलण्यास, कोणाचे पैसे बुडविण्यास, आईबापांना विसरण्यास कां कचरेल? हा प्रश्न भोळेपणाचा म्हणून हंसून सोडून देण्यासारखा नाहीं. मोठमोठ्या राष्ट्रांच्या कायद्यांनीं तोच प्रश्न शतकानुशतकें विचारला आहे. आणि त्याचें उत्तर देतांना त्यांची जी तारांबळ उडाली, तिच्यांतून या विषयावर पुष्कळ प्रकाश पडतो.

साक्षीदाराला देवाची शपथ घालण्याची चाल फार जुनी आहे. इंग्लंडच्या जुन्या कायद्याप्रमाणें जो ईश्वर मानतो आणि खोटेपणाबद्दल ईश्वर शासन करील असें मानतो, त्याचीच साक्ष ग्राह्य धरीत. हिंदुस्थानांतील कोर्टांतूनही हिंदु साक्षीदाराच्या हातीं गंगोदक व मुसलमान साक्षीदाराच्या हातीं कुराण देत असत. १८४० च्या कायद्यानें ही पद्धति काढून टाकली आणि तिच्या जागीं सर्वशक्तिमान् ईश्वराला स्मरून करावयाची प्रतिज्ञा ठेवली. हातांतली वस्तु गेली, तत्त्व मात्र तेंच राहिलें. सत्याला जामीन लागतो आणि तो जामीन परमेश्वर, हें तें तत्त्व होय.

वरवर पाहतां यांत कांहीं वावगें दिसत नाहीं. त्यांतील दोष जॉन स्टुअर्ट मिल यानें १८५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्वातंत्र्यावरील आपल्या ग्रंथांत उघड करून दाखविला. त्यापूर्वीं दोनच वर्षें लंडनच्या एका पोलीस कोर्टांत एका परदेशी गृहस्थाची चोराविरुद्ध फिर्याद, तो ईश्वर मानीत नाहीं एवढ्याच कारणावरून ऐकून घेण्यांत आली नव्हती. मिलचें म्हणणें थोडक्यांत असें: नास्तिक जर लबाड असेल, तर तो आपण आस्तिक आहों असें बेलाशक सांगेल, शपथ घेईल आणि त्याची साक्ष नोंदली जाईल. पण लोकनिंदा पत्करून जो आपलें खरें मत सांगतो, त्याला मात्र बाहेरचा रस्ता धरावा लागेल. म्हणजे लबाडाला आंत घेऊन प्रामाणिकाला बाहेर टाकणारी ही चाळण झाली. आणखी एक विसंगति यांत आहे. नास्तिकाच्या शब्दावर भरंवसा ठेवतां येत नाहीं असें म्हणणारा कायदा, त्याला नास्तिक ठरवितांना मात्र त्याच्याच शब्दावर भरंवसा ठेवीत होता!

पुढें १८६९ सालीं कायदा सुधारून अशा साक्षीदारांना शपथेऐवजीं प्रतिज्ञा करण्याची मुभा मिळाली. परंतु कोर्टांत मिटलेला वाद अकरा वर्षांनीं पार्लमेंटांत पुन्हां उपस्थित झाला. १८८० च्या निवडणुकींत नॉर्थॅम्प्टन शहरानें चार्ल्स ब्रॅडलॉ यास निवडून दिलें. हा उघड उघड निरीश्वरवादी, मोठा वक्ता आणि गरिबांचा कैवारी. त्यानें देवाची शपथ घेण्याऐवजीं प्रतिज्ञा करूं देण्याची मागणी केली. ती नाकारण्यांत आली. तेव्हां शपथ घेण्यासही आपण तयार आहों असें तो म्हणाला. तिच्यांतील ईश्वरविषयक शब्दांना आपल्या दृष्टीनें अर्थ नसला, तरी त्यांतील वचन आपणांस पूर्णपणें बंधनकारक राहील, अशी त्याची भूमिका होती. या माघारीबद्दल त्याला दोष देणारे त्या वेळींही होते, आणि तो दोष अगदींच अस्थानीं नव्हता. परंतु सभागृहानें त्याला शपथही घेऊं दिली नाहीं. जूनमध्यें एक रात्र त्याला पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यांत अटकेंत ठेवण्यांत आलें. पुढच्या वर्षीं ऑगस्टमध्यें त्याला बळजबरीनें ओढून बाहेर काढण्यांत आलें. नॉर्थॅम्प्टनचे मतदार मात्र त्याला पुन्हां पुन्हां निवडून देत राहिले.

या झगड्यांत नास्तिकाचा पक्ष सर्वांत समर्थपणें कोणी मांडला असेल, तर तो एका परम आस्तिकानें. मुख्य प्रधान ग्लॅडस्टन हा रोज प्रार्थना करणारा, चर्चवर निस्सीम निष्ठा असलेला पुरुष. ब्रॅडलॉचीं मतें त्याला मनापासून अप्रिय होतीं. तरीही ज्याला शपथ मान्य नसेल त्याला प्रतिज्ञेची सवलत देणारें बिल पुढें आलें, तेव्हां २६ एप्रिल १८८३ रोजीं त्यानें त्याच्या बाजूनें दीर्घ भाषण केलें. नागरिकाच्या हक्कांवर धर्ममताची अट असूं नये, आणि अशा अटीनें खुद्द धर्माचीच हानि होते, असें त्याचें प्रतिपादन होतें. बिल पडलें, अनुकूल मतें २८९ व प्रतिकूल २९२. अवघ्या तीन मतांचें अंतर! अखेर जानेवारी १८८६ मध्यें ब्रॅडलॉला आपली जागा मिळाली आणि दोनच वर्षांत, १८८८ सालीं, त्यानें स्वतःच प्रतिज्ञेचा सर्वसामान्य हक्क देणारा कायदा मंजूर करून घेतला. १८९१ च्या जानेवारींत तो मरणशय्येवर असतांना, त्याला मज्जाव करणारा १८८० चा ठराव पार्लमेंटनें आपल्या दप्तरांतून रद्द करून टाकला.

या देशाशीं ब्रॅडलॉचा संबंध जवळचा होता. हिंदी लोकांचीं गाऱ्हाणीं पार्लमेंटांत तो इतक्या कळकळीनें मांडी, कीं त्याला ‘हिंदुस्थानचा सभासद’ म्हणूं लागले. १८८९ च्या डिसेंबरांत मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास तो हजर होता. त्याच्या अंत्यविधीस, विलायतेंत बॅरिस्टरीचा अभ्यास करीत असलेले मोहनदास गांधी गेले होते, ही गोष्ट त्यांनीं आत्मचरित्रांत नमूद केली आहे. पुढें १९३१ सालीं स्वित्झर्लंडांतील लोझान येथें गांधीजींनीं, ‘ईश्वर सत्य आहे’ असें म्हणण्यापेक्षां ‘सत्य हाच ईश्वर’ असें म्हणणें आपणांस अधिक पटूं लागलें आहे, असें सांगितलें. निरीश्वरवादीही सत्याची महती नाकारीत नाहींत, हें त्याचें एक कारण होतें.

ईश्वर न मानतां शील पाळणें ही कल्पना या भूमीला परकी नाहीं. बौद्धांचें पंचशील आणि जैनांचीं अणुव्रतें जगाच्या कर्त्या ईश्वराच्या आज्ञेवर उभीं नाहींत. मीमांसकांनीं तर यज्ञयाग सांगूनही कर्माचें फळ देण्यासाठीं ईश्वराची गरज मानली नाहीं. तथापि या सर्व मतांत कर्मफलावरील विश्वास आहेच. तेव्हां त्यांना श्रद्धाविरहित म्हणतां येणार नाहीं. ईश्वर नाहीं, परलोक नाहीं, फळाची हमी नाहीं, आणि तरीही सदाचार असूं शकतो काय, हा खरा प्रश्न.

त्याचें उत्तर महाराष्ट्राला वादांतून नव्हे, तर एका आयुष्यांतून मिळालें. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ सालीं कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवीं, दारिद्र्यांत झाला. कॉलेजांत असतांनाच त्यांनीं आईला कळविलें होतें कीं, मोठमोठ्या परीक्षा देणाऱ्या या मुलाला आतां मोठ्या पगाराची चाकरी लागेल अशी आशा तिनें करूं नये. पोटापुरत्या पैशांवर संतोष मानून तो आपला वेळ परहितांत घालविणार आहे. तें वचन त्यांनीं अक्षरशः पाळलें. न्यू इंग्लिश स्कूल, ‘केसरी’, डेक्कन एज्युकेशन सोसायटी, फर्ग्युसन कॉलेज या सर्वांच्या पायाभरणींत त्यांचा हात होता. १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत टिळकांबरोबर त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढले. १८८८ सालीं त्यांनीं ‘सुधारक’ पत्र सुरू केलें, आणि विधवांचें केशवपन, बालविवाह व अर्थशून्य रूढि यांवर असे कोरडे ओढले कीं, चिडलेल्या सनातन्यांनीं पुण्यांत त्यांची जिवंतपणींच प्रेतयात्रा काढली.

दम्यानें जर्जर झालेला हा पुरुष १८९५ सालीं, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, फर्ग्युसन कॉलेजचा प्रिन्सिपल असतांना वारला. उशाशीं एक लहानशी पुरचुंडी सांपडली आणि तींत स्वतःच्या अंत्यविधीच्या खर्चापुरते पैसे बांधून ठेवलेले होते, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. आपल्या मरणाचाही भार दुसऱ्यावर पडूं नये, ही केवढी दक्षता! मरणानंतर कोणी हिशेब विचारणार आहे, असें त्यांना वाटत नव्हतें. स्वर्गाची आशा नाहीं, नरकाची भीति नाहीं, पुनर्जन्माची उधारी नाहीं. असें असूनही ज्याचा हिशेब इतका चोख, त्याच्या सदाचाराला मनुष्याविषयींच्या कळवळ्यावांचून दुसरा कोणता जामीन होता?

आगरकरांच्या उदाहरणानें श्रद्धेची किंमत कमी होते असें मात्र कोणीं समजूं नये. त्यांच्याच काळीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे प्रार्थनासमाजाच्या उपासनेंत तल्लीन होत होते. ईश्वर ही रानड्यांच्या जीवनाची मूळ प्रेरणा होती. १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा आला आणि मुलींच्या संमतीची मर्यादा दहा वर्षांवरून बारा वर्षांवर गेली. त्या वादळांत ईश्वरनिष्ठ रानडे आणि निरीश्वरवादी आगरकर हे एकाच बाजूला उभे होते. समोरच्या बाजूसही श्रद्धावान् माणसांची उणीव नव्हती; शास्त्राचे आधार तेही दाखवीत होते. यावरून एवढें तरी सिद्ध होतें कीं, अमुक मनुष्य देव मानतो किंवा मानीत नाहीं एवढ्यावरून, दहा वर्षांच्या मुलीचें दुःख त्याला दिसेल कीं नाहीं, हें सांगतां येत नाहीं.

यावर एक वजनदार आक्षेप घेतला जातो. आगरकरांसारख्यांची नीति ही धार्मिक पूर्वजांची शिल्लक आहे. त्यांनीं ती कमावली नाहीं, ते तिच्यावर जगले, असें आक्षेपक म्हणतात. यांत तथ्यांश आहे. दया, सत्य व संयम यांचे पहिले धडे बहुतेक समाजांनीं धर्माच्याच पाठशाळेंत गिरविले. महाराष्ट्राच्या घराघरांतून संतांनीं जी मायेची भाषा पोंचविली, तिचें ऋण नास्तिकालाही नाकारतां येणार नाहीं. परंतु मूल भाषा आईच्या मांडीवर शिकतें, म्हणून पुढें प्रत्येक वाक्य बोलतांना आई शेजारीं असावी लागते असें नाहीं. एखादी गोष्ट कोठून आली आणि ती कशावर उभी आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दुसरी अडचण अधिक खरी आहे. श्रद्धावानाला दुःखांत आधार असतो. तरुण मुलगा गमावलेली माता देवाजवळ रडूं शकते; ज्याच्याजवळ देव नाहीं त्यानें कोणाजवळ रडावें? अन्याय सोसून मेलेल्याला पुढें कोठें तरी न्याय मिळेल, हा दिलासा त्याला नाहीं. निरीश्वरवाद्यानें ही उणीव प्रामाणिकपणें कबूल केली पाहिजे. पण हा प्रश्न सांत्वनाचा आहे, सदाचाराचा नव्हे. उलट, जो न्याय परलोकांत मिळण्याची आशा नाहीं तो येथेंच मिळवून दिला पाहिजे, अशी निकड त्यांतून उत्पन्न होऊं शकते. विधवेचे हाल पुढच्या जन्मीं फिटतील असें आगरकर म्हणूं शकत नव्हते. म्हणून तर त्यांची लेखणी इतकी तळमळत होती.

आणि भीतीचें काय? देवाच्या धाकानें चोरी टळते हें खरें. पण पोलिसाच्या धाकानेंही ती टळते. दोन्हीं ठिकाणीं हात आंवरला, एवढेंच झालें. मन तेथेंच राहिलें. खरा भक्त तरी भीतीनें कोठें वागतो? आजारी शेजाऱ्याजवळ रात्रभर जागणारी बाई पुण्याचा आंकडा मांडीत बसत नाहीं. त्या घटकेला ती आस्तिक असो वा नास्तिक, तिला समोरचें दुःख दिसत असतें आणि तें पुरेसें असतें. धर्म ज्याला करुणा म्हणतो आणि आगरकर ज्याला मनुष्यहित म्हणत, तीं त्या उशाशीं एक होतात.

१९५० सालीं अमलांत आलेल्या भारताच्या राज्यघटनेनें हा जुना वाद मोठ्या समंजसपणें मिटविला. मंत्र्याला अथवा लोकप्रतिनिधीला ईश्वराला स्मरून शपथ घेतां येते, किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतां येते. १९६९ च्या शपथविषयक कायद्यानें साक्षीदारालाही हीच निवड दिली आहे. दोन्ही शब्दांचें वजन सारखें आणि वचन मोडल्यास दोष सारखाच. कोणाच्या मनांत कोणता साक्षी आहे, याची चौकशी राष्ट्र करीत नाहीं. दिलेलें वचन तेवढें मागतें.

घरानेंही याहून अधिक कां मागावें? पूजेला न बसणाऱ्या मुलाच्या आईची काळजी खरी आहे, पण तिचें उत्तर देवघरांत मिळणार नाहीं. तो मोलकरणीचा पगार वेळेवर देतो कीं नाहीं, मित्राकडून उसने घेतलेले पैसे त्याला आठवतात कीं नाहीं, आपली चूक तो दुसऱ्याच्या माथीं मारतो कीं स्वतः पत्करतो, आई पूजा करीत असतां तिच्या श्रद्धेचा मान राखतो कीं तिची थट्टा करतो, हें तिनें पाहावें. या कसोट्यांना तो उतरला, तर तिनें निर्धास्त असावें. आणि न उतरला, तर त्याला बळेंच पाटावर बसवून कांहीं साधणार नाहीं. मग त्याच्यापुढें घंटा वाजविणाऱ्या वडिलांनाही याच कसोट्या लावून पाहाव्या लागतील.