आधी शाळा गेली, मग खेळ

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात शाळांच्या बास्केटबॉलचा विषय जुन्या मंडळींसमोर काढला, की एक साल हमखास ऐकू येतं: 1997. आमचा खेळ त्या वर्षी संपला, असं त्यांचं म्हणणं. 1911 पासून तोपर्यंत त्या राज्यात सगळ्या हायस्कुलांची मिळून एकच स्पर्धा होत असे. शाळा शंभर मुलांची असो नाहीतर दोन हजारांची, सोडत एकच आणि शेवटी अख्ख्या राज्याचा विजेताही एकच. 1997-98 च्या हंगामापासून तिथल्या शालेय क्रीडा संघटनेनं पटसंख्येप्रमाणे चार गट पाडले आणि दरवर्षी चार विजेते होऊ लागले. तेव्हा सुरू झालेली हळहळ अजून थांबलेली नाही. मला आज जी थोडी मिनिटं मिळाली आहेत त्यांत एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी दोन-तीनदा सांगणार आहे, कारण कुणी स्वयंपाकघरात असेल, कुणी आत्ताच रेडिओ लावला असेल. हळहळ खरी आहे, साल मात्र चुकलं आहे. आधी शाळा गेली, मग खेळ.

हळहळ कशासाठी, ते आधी पाहू. या आठवणींत पहिला मान माय्लनचा. माय्लन हे आग्नेय इंडियानातलं हजार-बाराशे वस्तीचं गाव. तिथल्या हायस्कुलात 161 विद्यार्थी. 20 मार्च 1954 रोजी या शाळेनं राज्याच्या अंतिम सामन्यात मन्सी सेंट्रल या दहापट मोठ्या शाळेला 32-30 असं हरवलं. शेवटच्या क्षणी बॉबी प्लम्पनं चेंडू टोपलीत टाकला आणि तो त्या राज्याच्या लोककथेत जाऊन बसला. त्या वर्षी स्पर्धेत 751 शाळा होत्या. पुढे 1986 साली याच घटनेवर बेतलेला ‘हूझियर्स’ नावाचा चित्रपट आला, जीन हॅकमनचा, आणि ज्यांनी तो सामना पाहिला नव्हता त्यांनाही तो आठवू लागला. चित्रपटात सगळा चमत्कार दाखवला आहे. प्रत्यक्षात माय्लनचा संघ आदल्या वर्षी, 1953 मध्येच राज्यातल्या शेवटच्या चार संघांत पोचला होता, म्हणजे तो काही आकाशातून पडलेला नव्हता. आणि जुना खेळ किती थरारक होता म्हणणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. त्या अजरामर सामन्याच्या शेवटच्या सत्रात, दोन गुणांनी मागे असताना, प्लम्प हातात चेंडू धरून चार मिनिटांहून अधिक वेळ नुसता उभा होता. अमुक सेकंदांत चेंडू फेकलाच पाहिजे असा नियम तेव्हा शाळांच्या खेळात नव्हता. प्रशिक्षक मार्व्हिन वूड यांचा डाव अचूक होता, यात वाद नाही. पण आज कुणी तसं केलं तर हीच मंडळी टीव्ही बंद करतील.

तेव्हा लोकांना आठवतो तो निव्वळ खेळ नव्हे. मग काय आठवतं? माझं उत्तर थोडं अंकगणिताचं आहे. 161 विद्यार्थ्यांत मुलगे धरा सुमारे ऐंशी. संघात जागा दहा-बारा. म्हणजे शाळेतल्या दर सात-आठ मुलग्यांमागे एक जण शाळेच्या संघात. दीड-दोन हजारांच्या शाळेतही जागा तेवढ्याच, पण तिथं हे प्रमाण सत्तर-ऐंशी मुलग्यांमागे एक असं होतं. अमेरिकन फुटबॉलला अकरा गडी आणि वर राखीव मोठी फौज लागते, ती खेडेगावच्या शाळेला कुठून जमायची? बास्केटबॉलला पाच पुरतात. हंगामही हिवाळ्याचा, शेतं थंडीनं गारठलेली, कामं थांबलेली. त्यामुळे प्रेक्षकांत बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा मुलगा, पुतण्या, शेजारचा पोरगा, निदान दूधवाल्याचा मुलगा तरी मैदानावर असायचा. मार्टिन्सव्हिलमध्ये 1924 साली बांधलेल्या क्रीडागृहात जवळजवळ अख्खं गाव मावत असे. न्यू कॅसलचं 1959 मधलं क्रीडागृह नऊ हजारांच्या आसपास माणसं घेतं, तेही एका हायस्कुलाचं! शाळेच्या खेळासाठी कर्ज काढून असली सभागृहं बांधणं हा वेडेपणा वाटेल. पण एवढी माणसं एका छपराखाली बसतील अशी दुसरी जागा त्या गावांत नव्हती. लोक तिथं सामन्याला जात, आणि जाता जाता एकमेकांना भेटत.

आपल्याकडच्या पाणवठ्याचं उदाहरण घेतो. विहिरीवर बायका पाण्यासाठी जात. गप्पा हा काही विहिरीचा उद्देश नव्हता. पण सासरची, माहेरची, आजारपणाची, भांडणाची सगळी बातमी तिथं कळे. पुढे घरोघर नळ आला आणि ते बोलणं विरलं. ते नळाला कुणी किती तोट्या बसवल्या यामुळे विरलं नाही. विहिरीवर जायचं कारणच उरलं नव्हतं. 1997 मध्ये एका स्पर्धेच्या चार केल्या म्हणून गावं दुरावली असं म्हणणारा माणूस मला तोट्या मोजत बसलेला दिसतो. विहीर त्याच्या किती तरी आधी बुजली होती.

कधी बुजली, तेही नोंदलेलं आहे. 1959 साली इंडियानात शाळांच्या पुनर्रचनेचा कायदा झाला. तोवर खेड्यांतल्या शाळा टाउनशिपच्या, म्हणजे पंचक्रोशीएवढ्या भागाच्या, निवडून आलेल्या विश्वस्ताच्या हाती असत. या कायद्यानंतर लहान शाळा एकत्र करून मोठे शालेय विभाग करण्याचं काम जोरात सुरू झालं. 1954 मध्ये स्पर्धेत 751 शाळा होत्या हे मघाशी सांगितलं. 1997 च्या शेवटच्या एकत्रित स्पर्धेत उरल्या होत्या 382. गट पडण्यापूर्वीच जवळजवळ निम्मे संघ नाहीसे झाले होते. एकही मूल खेळायचं थांबलं म्हणून नव्हे, तर त्या नावाची शाळाच राहिली नाही म्हणून. प्रेक्षकांची संख्याही 1960 च्या दशकानंतर, गट पडायच्या खूप आधीपासून, उतरणीला लागली होती. माय्लननंतरच्या त्रेचाळीस वर्षांत तेवढ्या लहान शाळेला पुन्हा अजिंक्यपद मिळालं नाही, हेही एकाच स्पर्धेच्या काळातलं. म्हणजे ज्याला हे लोक जुनं वैभव म्हणतात, त्याचा शेवटचा अर्धा भाग वैभवाच्या आठवणीवरच चालला होता.

एक दाखला देतो. 1990 चा अंतिम सामना पाहायला 41,046 माणसं आली होती. शाळांच्या मुलांचा सामना, पुन्हा सांगतो, शाळांच्या! त्या दिवसाचा नायक डेमन बेली हा हेल्टनव्हिल नावाच्या लहानशा वस्तीतला मुलगा. पण त्याच्या अंगावरच्या जर्सीचा हेल्टनव्हिलशी संबंध नव्हता. त्याची शाळा होती बेडफर्ड नॉर्थ लॉरेन्स, म्हणजे लॉरेन्स परगण्यातल्या अनेक शाळा 1974 मध्ये एकत्र करून झालेली. हेल्टनव्हिलचं हायस्कूल त्या एकत्रीकरणातच मिटलं होतं. गर्दी विक्रमी, स्पर्धा एकच, कुठलाही गट नाही, आणि तरी हेल्टनव्हिल हे नाव गुणफलकावर नाही. याचा बोल 1997 ला कसा लावायचा? आधी शाळा गेली, मग खेळ. आता दुसऱ्यांदा झालं.

यावर आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की शाळा एकत्र केल्या त्या मुलांच्या भल्यासाठी. पन्नास-साठ मुलांच्या हायस्कुलात प्रयोगशाळा कुठली, परक्या भाषेचा शिक्षक कुठला, वरच्या वर्गाचं गणित शिकवायला माणूस कुठला? हे खरं आहे. नळ सोडून पुन्हा रहाट ओढायला कुणी बाई तयार होणार नाही, आणि तिनं व्हावं असं म्हणण्याचा मला काय अधिकार? माझा मुद्दा एवढाच, की एकत्रीकरणाचा हिशेब मांडताना एक रकाना कोराच राहिला. विषयांचा, शिक्षकांचा, बसगाड्यांचा खर्च मांडला गेला. शाळा गेल्यावर गावात माणसं कुठं जमतील याचा कुणी मांडला नाही. दुसरा आक्षेप याच्या उलट आहे. एकत्र केलेल्या शाळांनाही गावपण येतं, असं म्हणणारे फ्रेंच लिकचं नाव घेतात. फ्रेंच लिक आणि शेजारचं वेस्ट बाडन यांची वर्षानुवर्षांची चुरस, आणि 1957 मध्ये दोघांची मिळून स्प्रिंग्ज व्हॅली ही एक शाळा झाली. पहिल्याच हंगामात ती राज्यातल्या शेवटच्या चारांत पोचली. नामवंत बास्केटबॉलपटू लॅरी बर्ड पुढे याच शाळेतून बाहेर पडला. मान्य आहे. पण ही दोन गावं एकमेकांना चिकटून आहेत. सात-आठ वस्त्यांची मुलं एका माळावरच्या इमारतीत तासभराच्या बसनं आणली, तर तेच होईल असं मानायला आधार लागेल. शिवाय माय्लनचाही सोवळेपणा फार ताणू नये. प्लम्प स्वतः शेजारच्या पिअर्सव्हिल या चिमुकल्या वाडीतला. म्हणजे प्रश्न शाळा एकत्र करण्याचा कमी आणि किती अंतरावर एकत्र करायची याचा जास्त आहे. तिसरा आक्षेप गटांच्या बाजूनं येतो: आता दरवर्षी लहान शाळांनाही अजिंक्यपद मिळतं, त्यात वाईट काय? काहीच नाही. ज्या मुलांच्या गळ्यात ते पदक पडतं त्यांना जाऊन ‘तुमचं खरं नव्हे’ असं सांगणाऱ्या आजोबांनी जरा जिभेला आवर घालावा.

मात्र या आठवणीला एक प्रश्न विचारल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. पाणवठा सगळ्यांचा होता का? आपल्याला हे कुणी शिकवायला नको. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च 1927 चा. त्याच वर्षी इंडियानापोलिस शहरात क्रिस्पस ॲटक्स हे हायस्कूल सुरू झालं, ते काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळांतून वेगळं काढण्यासाठी. राज्याच्या क्रीडा संघटनेनं काळ्यांच्या आणि कॅथलिकांच्या शाळांना 1942 पर्यंत आपल्या स्पर्धेत घेतलंच नाही. ‘सगळ्यांची एकच स्पर्धा’ असं जे मी सुरुवातीला सांगितलं, ते निदान पहिली तीस वर्षं खोटं होतं. 1954 मध्ये माय्लननं वाटेत ज्या संघांना हरवलं त्यांत हे ॲटक्सही होतं, आणि त्या संघात ऑस्कर रॉबर्टसन नावाचा शाळकरी मुलगा होता. पुढच्याच वर्षी, 1955 मध्ये, ॲटक्सनं राज्य जिंकलं. 1956 मध्ये एकही सामना न हरता पुन्हा जिंकलं. विजेत्यांनी शहराच्या मध्यावरच्या स्मारकाच्या चौकात जल्लोष करायचा ही तिथली रीत. ॲटक्सच्या मुलांना चौकाला एक फेरा मारू दिला आणि तिथून काळ्यांच्या वस्तीतल्या बागेकडे वळवलं. ते शल्य रॉबर्टसन यांनी पुढे उघड बोलून दाखवलं आहे. चित्रपट निघाला तो माय्लनवर. दोन वर्षांत दोनदा, तेही घरचं धड क्रीडागृह नसताना, जिंकणाऱ्या ॲटक्सची कहाणी तेवढ्या घरांत पोचली नाही. कुणी म्हणेल, मग ही जुनी आठवणच टाकून द्या. मी ते म्हणणार नाही. विहिरीवर काहींना बंदी होती म्हणून विहिरीवरच्या बोलण्याची किंमत शून्य होत नाही. पण ज्याला ती आठवण सांगायची आहे, त्यानं माय्लनच्या शेजारी ॲटक्सचं नाव घ्यावं. दोघांची भेट 1954 मध्ये झालेलीच आहे, कुणाला ओढूनताणून आणायचं नाही.

आता एक व्यवहाराची गोष्ट, घाईत सांगतो. नाइट्सटाउनचं जुनं क्रीडागृह, ज्यात तो चित्रपट काढला, गावानं जपलं आहे आणि तिथं अजून सामने होतात, लांबून माणसं पाहायला येतात. अँडरसनचं जवळजवळ नऊ हजार आसनांचं क्रीडागृह मात्र खर्च झेपेना म्हणून 2011 मध्ये बंद झालं. इमारत टिकली म्हणजे पाणवठा टिकला असं नव्हे. तरी जिथं शाळा गेली आणि सभागृह उरलं, तिथं त्या सभागृहात दर आठवड्याला गावाचं काय होतं, हा प्रश्न 1997 च्या वादापेक्षा कितीतरी कामाचा आहे. गट रद्द करा अशी मागणी करण्यात लोकांनी वर्षं घालवली. उद्या ते रद्द झाले तरी नाहीशा झालेल्या तीनशेहून जास्त शाळा परत येणार आहेत का? आधी शाळा गेली, मग खेळ. हे तिसऱ्यांदा.

मुलींचा विषय तर राहूनच चालला. मघाशी 161 पैकी ऐंशी मुलगे असं मी म्हणालो. उरलेल्या ऐंशी मुली त्या रात्री प्रेक्षकांत होत्या. इंडियानात मुलींची पहिली राज्य स्पर्धा झाली 1976 साली, वॉर्सॉच्या शाळेनं ती जिंकली. तोवर निम्म्याहून अधिक लहान हायस्कुलं मिटली होती. म्हणजे गावच्या शाळेची जर्सी घालून राज्याच्या स्पर्धेत उतरणं त्या गावांतल्या मुलींच्या वाट्याला कधी आलंच नाही, आणि 1997 ची हळहळ करणाऱ्यांत त्यांचा आवाज कमी का ऐकू येतो, याचं एक कारण इथं असावं. 1976 ते 1997 या एकवीस वर्षांत मुलींचीही स्पर्धा एकच होती, तिच्यात लहान शाळांचं काय झालं हे पाहिलं तर माझ्या म्हणण्याला... पण काचेपलीकडून खूण झाली आहे.