परग्रहावर चालणारी यंत्रे



सुवर्णमहोत्सवाच्या आनंदात यंत्रांवर व्याख्यान देणे म्हणजे पुरणपोळीनंतर काढा पाजण्यासारखे आहे, याची आम्हांला जाणीव आहे. म्हणून एकच प्रश्न घेतो: परग्रहावर धाडावयाच्या यंत्राला माणसाने प्राण्यांचे गुण का दिले?

प्रथम पायांचा विचार करू. चाकाला सलग वाट लागते. पायाला टेकण्यापुरती जागा पुरते. १९७१ मध्ये सोव्हिएत रशियाने 'मार्स-३' यानातून मंगळावर जे लहानसे यंत्र पाठविले, ते पावले टाकीतच चालावयाचे होते. परंतु यान उतरल्यावर थोड्याच वेळात संपर्क तुटला आणि ते पाऊल पडले नाही. पुढे १९९४ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचा आठ पायांचा 'दांते-२' अलास्कातील माउंट स्पर या ज्वालामुखीच्या विवरात उतरला. चार पाय रोवलेले असताना उरलेले चार उचलावयाचे, अशी त्याची चाल होती. तळाशी वायूंची पाहणी करून वर येताना मात्र तो कलंडला. पृथ्वीवर होता म्हणून माणसांना त्याला बाहेर काढता आले. मंगळावर कोण धावून जाणार?

म्हणूनच चंद्रावर आणि मंगळावर आजवर बहुतांशी चाकेच फिरली. पण त्या चाकांनीही पायांचा गुण उचलला आहे. मंगळावरील १९९७ चा 'सोजर्नर' काय, किंवा चंद्रावरील २०२३ चा आपला 'प्रज्ञान' काय, दोघांनाही सहा चाके. आणि ती सांधेदार दांड्यांवर अशी बसविलेली, की एक चाक दगडावर चढले तरी बाकीची जमीन सोडीत नाहीत. अंतर अजमावण्यासाठी आपल्यासारखे दोन डोळे आहेत. 'क्युरिऑसिटी' आणि 'पर्सिव्हरन्स' यांना तर खांदा, कोपर व मनगट असलेला हातही आहे.

तथापि आमच्या मते खरे साम्य अवयवांत नाही. २७ ऑगस्ट २०२३ रोजी प्रज्ञानसमोर तीन मीटरांवर चार मीटर व्यासाचा खड्डा आला. पृथ्वीवरून आज्ञा गेली आणि तो मागे फिरला. चंद्रापर्यंत संदेश पोहोचण्यास सव्वा सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. मंगळापर्यंत मात्र तीनपासून बावीस मिनिटे लागतात. तेथील यंत्र घरून उत्तर येईपर्यंत थांबले, तर दिवसाकाठी थोडेच चालेल. न थांबता अंधपणे चालले, तर खड्ड्यात जाईल. यास्तव २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्सला चालता चालता पुढील वाट पाहण्याची आणि धोका टाळण्याची शक्ती देण्यात आली. कोठे जावयाचे ते पृथ्वीवरची माणसे ठरवितात; पाऊल कोठे टाकावयाचे ते यंत्र ठरविते. मुंगी हेच करते, आणि प्राण्याकडून घेतलेला हाच सर्वांत मोठा धडा होय.

बंधुभगिनींनो, घरापासून दूर राहणे म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. आपले वाडवडील या शहरी आले, तेव्हा गावी धाडलेल्या पत्राचे उत्तर आठ-आठ दिवसांनी येई. तोवर निर्णय ज्याचा त्यानेच घ्यावयाचा. दिशा घरची आणि पाऊल स्वतःचे, या रीतीनेच त्यांनी संसार उभे केले व हे मंडळही उभे केले. उद्या आपली मुले आणखी दूर जातील. त्यांना प्रत्येक पावलाची आज्ञा आपण देऊ शकणार नाही. वाट पारखण्याची नजर तेवढी आज देऊ शकतो. ती देण्याचे काम या मंडळाने पुढील पन्नास वर्षेही करावे, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.