झोपेचं काय?

ध्यान कसं करावं हे सांगायला इथे आकाशवाणीवर जाणकार येतच असतात. मी मानसोपचारतज्ज्ञ. मला झोपेविषयी बोलायचंय.

नागपुरात साधना आणि वेड हा विषय काढला की कुणीतरी ऐकवतंच, "डॉक्टर, ताजुद्दीन बाबांनाही पागलखान्यात टाकलं होतं!" खरं आहे. १८९२ साली हे सूफी संत आत गेले, १९०८ मध्ये रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना बाहेर आणलं. मधल्या काळात लोक तिथेच दर्शनाला जात. आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा पुढे अशा 'मस्तां'च्या, म्हणजे ईश्वरप्रेमात धुंद झालेल्यांच्या, शोधात देशभर हिंडले. मस्त निराळा आणि वेडा निराळा, असं तेही सांगत. तो निवाडा करायला तेवढी योग्यता लागते. तुमचा मुलगा पोचलेला की बिघडलेला, हे मलाही पहिल्या भेटीत सांगता येत नाही. पण रात्री तो किती झोपला, हे तुम्हाला माहीत असतं की नाही?

साधना म्हणजे बासुंदी आटवणं. मंद आच हवी, ढवळणारा हवा. दूध उतू गेलं तर दिसतं तरी. खाली लागलेलं दिसत नाही, आणि करपल्याचा वास चुलीपाशी बसलेल्याआधी दारातून आलेल्या शेजारणीला येतो. म्हणून साधकालाच "बरं वाटतंय ना?" असं विचारून भागत नाही. तो म्हणणार, झकास! घरच्यांनी झोप मोजावी. झोप लागत नाही म्हणून कातावलेला माणूस वेगळा. दोन तास झोपून टवटवीत उठतो, बोलणं आवरत नाही, पैसे वाटत सुटतो, त्याला त्याच आठवड्यात दाखवा. गुरूंना जरूर विचारा, पण दवाखान्यातून आल्यावर.

"कुंडलिनी जागृत झालीय, शुद्धी चाललीय," म्हणून महिनाभर थांबणारी शिकलेली माणसं असतात. अहो, झाली असेल जागृत! पण झोप? जागरणाने उन्माद भडकतो. ज्यांच्या घरी हा आजार एकदा येऊन गेलाय, त्यांनी तरी हे विसरू नये. पहाटे चारला उठवणाऱ्या ध्यान-शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराविषयी विचारतात, तिथे खोटं 'नाही' लिहू नका. झोपेचं पुन्हा पुन्हा सांगतोय, कारण ऐकताना सगळे माना डोलावतात आणि घरी जाऊन पत्रिका काढतात.

काचेपलीकडून वेळ संपल्याचं खुणावताहेत. गोळ्यांचं राहिलंच. उन्मादावर लिथियम चालू असेल तर निर्जळी उपवास नको. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम चढतं, हात थरथरतात, तोल जातो. आणि गोळ्या बंद करून शिबिराला जाण्याचं म्हणाल, तर... ते पुढच्या वेळी. तोवर बंद करू नका.