नाव एकच, वॅट वेगळे

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "गेम खेळायला लॅपटॉप बरा की डेस्कटॉप?" ते हसले. म्हणाले, "साहेब, आम्हाला वाटलं तुम्ही मुदत ठेवींवर बोलाल." पण आपल्या सोसायटीतले दोन-चार पोट्टे दरवर्षी कॉलेजात जातात आणि जून महिन्यात घरोघरी हाच वाद होतो. शिवाय या विषयात मी स्वतः ठेच खाल्ली आहे.

२०२३ साली माझा नातू अकोल्याला शिकायला गेला. खोली भाड्याची, वरच्या मजल्यावरची. त्याला डेस्कटॉप हवा होता. मी म्हटलं, "कायले? दुकानदार सांगते, दोन्हीत एकच ग्राफिक्स कार्ड आहे. लॅपटॉप घे, उचलला की अमरावतीले आणता येते." तो म्हणाला, "आबाजी, नाव एक आहे, पण..." पुढचं मी ऐकून घेतलं नाही. पैसे माझे होते ना!

मे २०२४ आठवतो? अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला आणि उष्णतेपायी जिल्ह्यात १४४ कलम लावावं लागलं. त्याच महिन्यात नातवाचा लॅपटॉप अडखळू लागला. गेम तर सोडा, प्रोजेक्टचं थ्रीडी ड्रॉइंगसुद्धा सरकेना. मी फोनवर म्हणालो, "रात्रंदिवस खेळून तूच बिघडवला." तो काही बोलला नाही. नंतर पंधरा दिवस त्याचा फोन फक्त आजीला येत होता.

सुट्टीत लॅपटॉप दुरुस्तीला नेला. त्या मुलानं उघडून पाहिला आणि म्हणाला, "काका, मशीन ठणठणीत आहे. कार्डच ६० वॅटचं आहे, त्यात हे ऊन." मग मी त्याच्यासमोर स्टुलावर बसून सगळं समजून घेतलं. तेच तुम्हाला सांगतो.

पडद्यावरचं चित्र सेकंदाला अनेकदा नव्यानं काढावं लागतं. सिनेमात २४ वेळा, गेममध्ये ६० वेळा तरी हवं. हे काम ग्राफिक्स कार्ड करतं. त्याला वीज लागते आणि खाल्लेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते. डेस्कटॉपच्या पेटीत मोठे पंखे मावतात, लॅपटॉपात बोटभर जागा. म्हणून लॅपटॉपात कार्डाला वीजच कमी देतात.

आता नावाची गंमत पहा. आरटीएक्स ४०९० हे डेस्कटॉपचं कार्ड ४५० वॅटचं, २४ जीबी मेमरीचं, आत १६,३८४ गणनकेंद्रं. त्याच नावाच्या लॅपटॉप कार्डात गणनकेंद्रं ९,७२८, मेमरी १६ जीबी, वीज साधारण १५० वॅटपर्यंत. म्हणजे चिपच वेगळी! ४०७० चंही तसंच, डेस्कटॉपला १२ जीबी आणि लॅपटॉपला ८. लॅपटॉपच्या ४०६० ला तर ३५ पासून ११५ वॅटपर्यंत मुभा आहे. एकाच नावाचे दोन लॅपटॉप शेजारी ठेवले तरी एक पळेल, एक रखडेल. बँकेत आपण नुसत्या नावावर कर्ज देत नव्हतो, उतारा पाहत होतो. इथे वॅट हाच उतारा.

दुसरं आपलं वऱ्हाडी ऊन. यंत्रातला पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. खोलीतच ४० अंश असेल तर चिप थंड कशी होणार? ठराविक तापमानाला पोचली की ती जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करते. त्यात आमचा नातू लॅपटॉप गादीवर ठेवायचा, म्हणजे खालची जाळी बंद. शाखेत पहिली लेजर पोस्टिंग मशीन आली तेव्हा तिला एसी खोली होती आणि आम्ही पंख्याखाली. तेव्हा राग यायचा, आता कारण कळलं.

तिसरं, भारनियमन. "लाइन गेली तरी लॅपटॉप चालते", हा माझाच मुद्दा होता. पण बॅटरीवर कार्डाची ताकद बरीच कमी होते आणि गेम लावला की बॅटरी तासाभरातच बसते. डेस्कटॉपला छोटा यूपीएस लावला तर काम सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळतो.

मग लॅपटॉप घेऊच नये का? तसं नाही. वर्गात न्यायचा असेल, खोल्या बदलायच्या असतील, तर लॅपटॉपच. पण मूल एका जागी बसणार असेल, तर तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त काम देतो. चार वर्षांनी नुसतं कार्ड बदलता येतं. लॅपटॉपात ते बहुधा बोर्डालाच जोडलेलं असतं. दुकानात तीन गोष्टी विचारा: कार्ड किती वॅटचं, मेमरी किती, हवा कुठून आत जाते आणि कुठून निघते. पहिल्याचं उत्तर मिळालं नाही तर पाकीट खिशातच ठेवा.

घरी आल्यावर मी नातवाला म्हणालो, "चूक माझी होती. तुझं म्हणणं पुरतं ऐकायला पाहिजे होतं." तो म्हणाला, "जाऊ द्या ना, आबाजी." त्या रात्री कूलरसमोर टेबल ओढून, लॅपटॉपखाली दोन पुस्तकं ठेवून, त्यानं मला गेममध्ये मोटार चालवायला बसवलं. तीन वेळा झाडावर आदळलो. पण चित्र अडखळलं नाही.

तेव्हा यंदा जूनमध्ये दुकानात जाण्याआधी घरातल्या पोट्ट्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या, एवढंच सांगतो आणि रजा घेतो. सोसायटीला पंचविसाव्या वर्षाच्या शुभेच्छा.