तोंडी नकार आणि लेखी हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



ज्या मुलाला नीट ऐकू येत नाही, वाचताना ज्याची अक्षरे उलटसुलट होतात, त्याला शाळा कागदावर नकार देत नाही. 'आमच्याकडे सोय नाही, वेगळी शाळा बघा,' असे सौजन्याने सांगितले जाते आणि आई मुलाचा हात धरून परतते. या नकाराची नोंद कोठेच नसते. म्हणून सरकारदरबारी तो घडलेलाच नसतो.

वस्तुतः कायदा पालकांच्या बाजूचा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ ने मान्यताप्राप्त शाळांत भेदभावाविना प्रवेश मिळवून देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. तेथे टक्केवारीची अट नाही. चाळीस टक्क्यांचा दाखला लागतो तो कलम ३१ साठी, म्हणजे ६ ते १८ वर्षांच्या मोफत शिक्षणासाठी. आणि शेजारची शाळा की विशेष शाळा ही निवड तेथेही मुलाची आहे, मुख्याध्यापकांची नव्हे. तरीही प्रवेशाच्या दारातच दाखला मागितला, तर रुग्णालयाच्या प्रत्येक खेपेला शेतमजूर बाईचा रोज बुडतो. मोफत म्हणवणाऱ्या हक्काची ही किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

केवळ शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण केंद्राने २०२२ मध्ये ठरवले. परंतु राज्यांनी ती पदे मंजूर करावीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २०२५ मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला. हा पैशाचा, म्हणजेच राजकारणाचा प्रश्न आहे. तो एकट्या पालकाच्या गळ्यात बांधणे अन्यायाचे आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांतील पालकांना त्यात प्रमाणशीर जागा आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले त्या घटकांत आली. (विनाअनुदानित शाळांना ही समिती लागू नाही, ही मोठीच उणीव.) आपल्या गावच्या समितीत असा एक तरी पालक आहे काय, हे किती कार्यकर्त्यांनी पाहिले आहे?

प्रवेशाचा अर्ज दोन प्रतींत लिहावा, एका प्रतीवर पोच घ्यावी. शाळेने ती नाकारल्यास अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. उत्तर न आल्यास कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडे वा नगरपालिकेकडे लेखी तक्रार करावी. तिचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे. त्यावर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे. अर्ज लिहिता न येणाऱ्या पालकाबरोबर कार्यकर्त्याने स्वतः जावे.