फुंकर मोजण्याची विद्या



आपल्या आरोग्यनिधीतून एका ग्रामीण आरोग्यकेंद्रास श्वासमापक यंत्र द्यावे, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली आहे. सूचना स्तुत्य आहे. परंतु यंत्राबरोबर ते चालविणाऱ्यांच्या शिक्षणासाठीही रक्कम बाजूस काढावी, एवढे मागण्यासाठी मी उभा आहे. मी वैद्य नव्हे, मॅट्रिक झालेला शाळामास्तर. पण शिकविणे म्हणजे काय, हे थोडेबहुत जाणतो.

हे स्पायरोमीटर यंत्र जॉन हचिन्सन या इंग्रज शल्यवैद्याने १८४६ साली जगापुढे मांडले. छातीतून एकूण हवा किती बाहेर पडते आणि त्यांपैकी पहिल्या सेकंदात किती, हे त्यातील मुख्य आकडे. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यावरही पहिल्या सेकंदाचा वाटा सात-दशांशांहून कमी राहिला, तर डॉक्टर ज्यास सीओपीडी म्हणतात त्या विकाराच्या निदानास बळकटी येते. हा विकार केवळ विडी ओढणाऱ्यांचा नव्हे. जन्मभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या माताभगिनींनाही तो जडतो, आणि ‘वयोमानाने दम लागतो’ म्हणून त्यांची बोळवण होते.

मात्र रुग्णास स्वस्थ बसवून ही परीक्षा होत नाही. त्याने छाती पूर्ण भरून घ्यावी, ओठ नळीभोवती घट्ट मिटावेत, एका झटक्यात जोराने फुंकावे आणि छाती रिकामी होईपर्यंत थांबू नये. आरंभी कचरला, मध्येच खोकला, ओठांतून हवा निसटली, की ती फुंकर बाद! निर्दोष अशा किमान तीन फुंकरी हव्यात, व त्यांतील उत्तम दोहोंत १५० मिलिलिटरांहून अधिक अंतर नसावे. परिचारिकेने आधी स्वतः करून दाखवावे, मग ‘फुंका, आणखी फुंका’ असा घोष करावा. लाजाळू आजीबाईंकडून हे करवून घेणे सोपे नव्हे.

आता एक त्रैराशिक पाहा. एखाद्याची एकूण हवा तीन लिटर, पहिल्या सेकंदाची १.९५ लिटर, म्हणजे वाटा शेकडा ६५, दोष स्पष्ट. तोच मनुष्य २.६ लिटरांवर थांबला, तर वाटा शेकडा ७५ होतो आणि रोगी निरोगी ठरतो! यंत्र खोटे बोलले नाही. फुंकर अपुरी होती. म्हणून आकड्यांआधी आलेखाचा आकार वाचावयास शिकविले पाहिजे.

शिक्षणही एका दिवसाच्या वर्गाने पुरे होत नाही. न्यूझीलंडमधील प्राथमिक दवाखान्यांचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात शिकविलेल्यांचे काम इतरांहून सरस ठरले, तरी बहुसंख्य चाचण्या कसोटीस उतरल्याच नाहीत. वही तपासल्यावाचून अक्षर सुधारत नाही, हे आम्हां मास्तरांस नवे नाही.

तेव्हा माझी विनंती अशी : बदल्या होतातच, म्हणून एक नव्हे, दोन परिचारिका व डॉक्टर यांस शिकवावे, पहिले वर्षभर त्यांचे आलेख छातीच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत, आणि यंत्राची रोजची पारख करावयाची तीन लिटरची पिचकारी खरेदीच्या यादीत आजच लिहावी. खजिनदारांनी याचा खर्च काढून पुढील सभेपुढे ठेवावा.